तिसरा बगळा

यंत्र परत न्यायला दुकानाचा माणूस चार वाजता येणार होता, आणि दोन वाजेपर्यंत वन्संच्या वहीतले तेराच्या तेरा संशयित निर्दोष सुटले होते.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नणंद. मापनशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दुसऱ्यांच्या मोजपट्ट्या, वजनं आणि काटे तपासायचे आणि खोटं निघालेलं तोंडावर सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कामाची जागा सुटली, सवय सुटली नाही. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या आणि घरातल्या घड्याळांत तीन सेकंदांपेक्षा अधिक फरक नव्हता.

वहिनींचं जग वेगळं होतं. चाळीस वर्षं त्यांनी हाताने लाकूड कोरलं, तेही नजरेच्या अंदाजाने. दोन वर्षांपूर्वी उजव्या हातात कंप शिरला आणि पटाशी रेघ सोडून भटकू लागली. म्हणून हे घरगुती कोरीवकाम यंत्र आणलं होतं. शिलाईयंत्रापेक्षा थोडंसं मोठं असलेलं हे यंत्र कागदावरचं चित्र वाचून आपलं आपण कोरत असे. पंधरा दिवस वापरून पाहा, पटलं नाही तर परत, अशी बोली होती. आज पंधरावा दिवस. वहिनींनी सकाळीच सांगून टाकलं होतं, की यंत्र गेलं तर त्याच गाडीत पटाश्यांची पेटीही जाईल. दुकानाच्या शेजारी कोरीवकामाची शाळा आहे, तिथे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. वहिनींनी हे भाजी चिरताना सांगितलं होतं, त्यामुळे ते अधिकच खरं वाटत होतं.

दोष ऐकायला क्षुल्लक होता. लाकूड कोरणारं टोक, म्हणजे बिट, एका चिरा पाडलेल्या पोलादी चिमटीत बसवायचं आणि वरून नट आवळायचा. नट आवळला की चिमटी बिटाला घट्ट धरते. ही चिमटी धरत नव्हती. सुरुवात झकास होई, आणि दहाव्या-बाराव्या मिनिटानंतर कधीही बिट गुपचूप खाली सरकून हवं त्याच्या दुप्पट खोल जाई. चित्र वहिनींनी हात धड असताना काढलेलं होतं : पाण्यात एका पायावर उभा बगळा. पहिल्या फळीवर त्या बगळ्याचा पाय गेला. दुसऱ्या फळीवर मान गेली. चांगल्या सागवानाची आता एकच फळी उरली होती.

वन्संनी एकेक संशयित कारण वहीत लिहून चौकशी रीतसर केली होती. नट सैल आहे का? नाही. बिटाची जाडी चिमटीच्या मापाची आहे का? मायक्रोमीटर म्हणाला, आहे. बिट पुरेसं आत जातं का, वेग जास्त आहे का, चिमटीत भुसा अडकतो का, चिमटी झिजली आहे का? नवी चिमटी आणून बसवली, तर तीही सरकू देत होती. बिट किती सरकतं हे कळावं म्हणून वन्सं चिमटीच्या तोंडाशी बिटावर पेनने बारीक काळी रेघ ओढत. ती रेघही धड टिकत नसे. दोन मिनिटांत पुसट, पाचव्या मिनिटाला गायब.

"पेन भिकार आहे," वन्सं म्हणाल्या आणि पायांत चपला सरकवल्या. "खुणेचीच खात्री नसेल तर मोजमापाला काय अर्थ? कोपऱ्यावरून चांगलं पेन घेऊन येते."

"दोन तासांवर माणूस आलाय आणि तुम्ही पेन आणायला निघालात, वन्सं."

"वहिनी, तू यंत्राला हात लावू नकोस. परिस्थिती बदलली तर सकाळपासूनची सगळी निरीक्षणं फुकट जातील."

"हात नाही लावत. नुसती बघत बसते त्याच्याकडे."

पंचवीस मिनिटांनी वन्सं परतल्या, तेव्हा यंत्राची घरघर जिन्यापर्यंत ऐकू येत होती.

वहिनी स्टुलावर बसून एका टाकाऊ फळीवर उभ्या रेघा कोरून घेत होत्या. यंत्रात बसवलेलं बिट वन्संच्या डबीतलं नव्हतं. ते वहिनींच्या खिळ्यांच्या डब्यातलं होतं, टोकाला जाडसर, बोथट आणि मानेशी गंज चढलेलं.

"हे काय?"

"तुमचे सगळे साक्षीदार तपासून झाले. म्हटलं, माझा एक तपासू."

"आणि चिमटी?"

"चिंधी पिळून आतून पुसली. पोराचं नाक पुसतात तशी. आत काय चिकट झालं होतं."

वन्संनी घड्याळ पाहिलं. "सुरू कधी केलंस?"

"तुम्ही फाटकाबाहेर पडलात तेव्हा."

म्हणजे वीस मिनिटं तरी झाली होती. वन्संनी यंत्र थांबवलं, खोली मोजायची सळई आणली आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत मोजत गेल्या. तीन मिलिमीटर. तीन. तीन. शेवटची रेघ त्यांनी दोनदा मोजली. तीन.

"एका निरीक्षणावर निष्कर्ष काढता येत नाही," त्या म्हणाल्या, पण आवाज किंचित चढला होता. गंजक्या बिटावर त्यांनी नव्या पेनने रेघ ओढली. ती बसली, अंगठ्याने घासूनही हलली नाही. मग त्यांनी जुनं, भिकार ठरवलेलं पेन घेतलं. त्याचीही रेघ तितकीच पक्की बसली.

वन्सं थबकल्या. त्यांनी आपल्या डबीतलं एक बिट उचललं. लख्ख, नव्यासारखं. त्यावर नव्या पेनने रेघ ओढली. मेणकापडावरच्या पाण्यासारखी शाई थेंबाथेंबांनी आकसली आणि नुसत्या बोटाने पुसली गेली. त्यांनी ते बोट अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"वहिनी," त्या सावकाश म्हणाल्या, "पेनं दोन्ही चांगली आहेत."

"बरं झालं. पेनांची काळजी मिटली."

"मी रोज संध्याकाळी काय करते?"

"माझ्या चुका मोजता."

"त्याआधी."

वहिनींनी डबीकडे पाहिलं. मापनशाळेत मापाचे पोलादी ठोकळे वापरून झाले की पुसून त्यांवर तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि मगच पेटीत ठेवायचे, असा शिरस्ता होता. एकतीस वर्षं तो एकदाही चुकला नव्हता. यंत्र घरी आलं त्या संध्याकाळपासून प्रत्येक बिटालाही तोच मान मिळत होता. नवी चिमटी बसवण्यापूर्वी तिलाही मिळाला होता. घट्ट धरणाऱ्या आणि घट्ट धरल्या जाणाऱ्या, दोन्ही वस्तूंना वन्संनी निगुतीने तेल पाजलं होतं. वहीत ते नोंदलेलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी तेल म्हणजे स्वच्छता, आणि स्वच्छतेवर संशय घ्यायचा नसतो.

"अगंबाई," वहिनी हळूच म्हणाल्या. "चोर चौकीतच बसला होता."

"सिद्ध झालेलं नाही अजून." वन्सं उभ्या राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते आणि मन मात्र कित्येक वर्षांत धावलं नव्हतं इतकं वेगाने धावत होतं. "गंजामुळेही पकड वाढलेली असू शकते. खरं तर तीन चाचण्या हव्यात. तेलाचं बिट, पुसलेलं बिट, परत तेलाचं बिट. प्रत्येकी वीस मिनिटं."

"आणि बगळ्याला?"

"चव्वेचाळीस."

वहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं. दोन वाजून पंचावन्न मिनिटं. गंजक्या बिटाने काम भागलं नसतं. बगळ्याचा पाय कोरायला ते फार जाड होतं. बारीक बिट वन्संच्या डबीत एकच होतं, आणि ते पंधरा दिवस तेल पीत आलं होतं.

"वन्सं, तुमच्या चाचण्या चारनंतर करा. बगळा आधी करू."

"शेवटची फळी आहे, वहिनी. माझं चुकलं तर?"

"फळी माझी. चूक तुमची असली तर आयुष्यभर ऐकवायला मला बरी."

एकतीस वर्षांत वन्संनी अपुऱ्या पुराव्यावर सही केली नव्हती. त्यांनी स्पिरिटची बाटली आणली. बिट धुतलं, चिमटी धुतली, नटही आतून धुतला, सगळं कोरड्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा धुतलं. बिटावर रेघ ओढली. बसली. नट आवळला आणि पुन्हा एकदा आवळून पाहिला.

तीन वाजून दहा मिनिटांनी सागवानाचा पहिला भुसा उडाला.

दहावं मिनिट. वन्संनी यंत्र थांबवून भिंगातून पाहिलं. रेघ जागच्या जागी. बारावं मिनिट. पंख उमटू लागले. अठराव्या मिनिटाला मान सुरू झाली, दुसऱ्या बगळ्याने जिथे प्राण सोडला होता तिथेच, आणि वहिनींनी वन्संचं मनगट धरलं. मान सुखरूप पार पडली. मनगट सुटलं नाही.

बारा मिनिटं राहिली असताना, चार वाजायच्या आधीच, दाराची घंटा वाजली. दुकानाचा माणूस आत आला, हातात यंत्र बांधायची दोरी.

"काय मावशी, गुंडाळायचं ना?"

"शू," दोघी एकदम म्हणाल्या.

तो दोरीसकट उभा राहिला. आता पायाची पाळी होती. दोन बाजूंनी लाकूड खरवडत मधे काडीएवढी धार उरत होती, आणि अर्धा मिलिमीटर जरी खाली गेलं असतं तरी बगळा पाण्यात कोसळला असता. बिट एका बाजूने गेलं. दुसऱ्या बाजूने गेलं. पाय उभा राहिला. यंत्र वर उचललं गेलं आणि गप्प झालं.

वहिनींनी भुसा फुंकला. कापणारं बोट त्यांनी त्या पायावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. बोट कापत होतं, पाय सरळ होता.

वन्सं बिटाजवळ वाकल्या. काळी रेघ चिमटीच्या तोंडाशी, केसभरही न हललेली.

"मग," माणसाने दबक्या आवाजात विचारलं, "न्यायचं काय?"

"ह्यांना न्या," वहिनी वन्संकडे मान वळवून म्हणाल्या. "आणि ती तेलाची बाटली. यंत्र राहू दे."

वन्संनी वहीत चौदावा संशयित लिहिला, त्यापुढे स्वतःचं नाव, आणि सवयीने खाली लिहिलं : तीन चाचण्या बाकी. मग बिट काढलं, पुसलं, आणि दुसरा हात नकळत बाटलीकडे गेला.

बाटली जागेवर नव्हती. वहिनींनी ती आधीच दुकानाच्या माणसाच्या पिशवीत घातली होती.