मुठीवरची लाल चिंधी

मी एक जुना पितळी नळ आहे. पाण्याचा नव्हे, बिअरचा. मित्रांनो, माझे पेय तुमच्या वयाचे नाही. पण माझी चूक कोणत्याही वयात होते, म्हणून सांगतो.

कारखान्यात घडलो आणि दोन भावांच्या दुकानात लाकडी काउंटरवर येऊन बसलो. बिअरचे पिंप खाली तळघरात असे. तिथून लांब नळी वर येऊन माझ्यापाशी संपे. तळघर थोरल्याचे, काउंटर धाकट्याचे, अशी त्यांची वाटणी होती. धाकटा रोज सकाळी मला इतका चमकवी की गिऱ्हाइके माझ्यात पाहून भांग नीट करत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

थोरला मात्र दर दुसऱ्या सोमवारी माझी शोभा करी. तो नळी पिंपावरून काढून औषधाच्या डब्याला जोडी. ते औषध नळीतला मळ सोडवते. माणूस प्यायला तर घसा आतून भाजून निघेल. नळीत औषध मुरत असे तोवर माझ्या मुठीला लाल चिंधी बांधलेली असायची. चिंधी आहे तोवर नळाला हात लावायचा नाही, एवढाच त्याचा नियम. मग नळीत भरपूर पाणी सोडून, माझे सुटे भाग ब्रशने घासून तो स्वतः गाठ सोडी. ती विटकी चिंधी मला मुळीच आवडत नसे.

पुढे थोरल्याचे गुडघे गेले. तळघराच्या चौदा पायऱ्या त्याला झेपेनात. धाकट्याने तळघर घेतले, सोमवार काही घेतला नाही.

"एवढा चकचकीत आहे, आत काय असणार?" तो म्हणे.

बडा घर, पोकळ वासा. माझ्या आत बुळबुळीत थर साचत होता. आधी फेस वाढला, म्हणून धाकट्याने पिंपातली बिअर वर ढकलणारा गॅस कमी केला. गॅस कमी पडल्यावर बिअरमधला वायू नळीतच सुटू लागला आणि अर्धा पेला फेसानेच भरू लागला. मग आंबूस वास आला. गिऱ्हाइकांनी एकेक करून काढता पाय घेतला. वीस वर्षे रोज येणारा सुतारही येईना, तेव्हा धाकटा घाबरला आणि थोरल्याकडे गेला.

थोरला काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत तळघरात उतरला. त्याने नळी औषधाला जोडली, वर येऊन चिंधी बांधली आणि पाण्याची तयारी करायला पुन्हा खाली गेला.

धाकट्याने सुताराला मनधरणी करून बोलावले होते. तो यायच्या आत मला चमकवायला त्याने चिंधी सोडली आणि खांद्यावर टाकली. पुसून लगेच बांधणार होता. तेवढ्यात दारात सुतार दिसला.

"या, या. दादा आज स्वतः खाली उतरलाय," धाकटा हरखून म्हणाला. बोलता बोलता त्याचा हात सवयीने मुठीवर गेला. मळाने औषधाला बिअरचाच रंग आला होता. पेला काठोकाठ भरला.

"बघा, फेस गेला."

मी ओरडू शकत नव्हतो. सुताराने पेला उचलला, आणि त्याच वेळी थोरला तळघरातून वर येत शेवटच्या पायरीवर पोचला. त्याने आधी माझी उघडी मूठ पाहिली, मग भावाचा खांदा. बोलायला दम उरला नव्हता. त्याने काठीच हाणली. पेला सुताराच्या ओठांपासून वीतभर अंतरावर फुटला.

थोरला धापा टाकत भिंतीला टेकला. मग एवढेच म्हणाला, "चिंधी कुठंय?"

धाकट्याने खांद्याला हात लावला आणि चिंधी काढून भावाच्या हातात दिली.

आता थोरला नाही. सुतार अजून येतो. दर दुसऱ्या सोमवारी धाकटा स्वतःचे गुडघे धरत त्या चौदा पायऱ्या उतरतो. मला रोज पुसणे त्याने सोडले आहे. मी काळवंडलो, नवी गिऱ्हाइके मला भंगार म्हणतात. पण आतून मी स्वच्छ आहे.

मित्रांनो, वस्तूला वरून पुसाल, तसे आतही पाहत जा. आणि कुणी कुठे चिंधी बांधून ठेवली असेल, तर ती दिसायला वाईट म्हणून सोडू नका; बांधणाऱ्याला आधी विचारा. त्या दिवशी चिंधी सुटली, तेव्हा मला आनंद झाला होता. आता सोमवारी गाठ पडेपर्यंत मी तिची वाट पाहतो.