वहीतले कोरे दिवस

सावली गावापासून दोन कोसांवरच्या तलावाचे दार वारलू ढीवर वीस वर्षे राखीत आला होता. पाणी पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाच्या माथ्याखाली, किती हात, पाऊस किती, दार उघडले की बंद ठेवले, हे तो रोज वहीत लिही. दसऱ्याला ती वही पूजेत मांडली जाई.

२००६ साली भूपेश नावाच्या तरुण अभियंत्याने ती वही संगणकाला शिकवायला घेतली. पाण्यावर एकही प्रयोग न करता, केवळ जुन्या नोंदींवरून यंत्राने दाराचा निर्णय सांगावा, असा संकल्प होता. नोंदी अपुऱ्या पडल्या. तेव्हा त्याने प्रत्येक दिवसाचे दहा दिवस केले. पाणी बोटभर वरखाली, पाऊस किंचित कमीअधिक, निर्णय मात्र तोच.

"वहीले पिल्लं झाली म्हना की, साहेब!" वारलू हसला.

मधली काही पाने कोरी होती. भूपेशने तीही आजूबाजूच्या दिवसांवरून भरून काढली. कोणाला काही विचारले नाही. पुढे निर्णय यंत्राकडे गेला, दाराला कुलूप लागले आणि किल्ली सावलीच्या कार्यालयात गेली.

श्रावणात पाणी पाळीखाली दोन हातांवर आले. पाळीच्या पायथ्याशी मासेमार ढीवरांची सात घरे, त्यात वारलूचेही. वारलू भर पावसात सायकलीने कार्यालयात पोचला.

"किल्ली द्या, साहेब."

"यंत्र बंदच ठेवा म्हणते, वारलूभाऊ. या पातळीच्या चाळीस नोंदी आहेत. सगळ्या बंदच्या."

"चाळीस? मी तं एकबी लिहिली नाई. इतकं पानी एकदाच आलं, माहा भाऊ बुधू बुडाला त्या साली."

"मग लिहिले का नाही?"

"सुतकात पूजेच्या वहीले हात लावू का? दहा दिवस पुतन्यानं दार सताड उघडं ठेवलं, म्हून पाळ वाचली."

त्या कोऱ्या पानांवर आधीचे चढते पाणी आणि आधीचेच बंद दार भूपेशनेच पुढे ओढले होते, आणि चार दिवसांचे चाळीस केले होते. त्याने किल्ली घेतली, जीप काढली.

ते पोचले तेव्हा पाळ मधोमध फुटली होती. वारलूची पत्नी गोकुळा शेळ्या सोडायला मागे राहिली होती. तिसऱ्या दिवशी ती धानाच्या बांधीत सापडली. घराबरोबर वहीही गेली.

चौकशीत वरिष्ठांनी खऱ्या नोंदी वेगळ्या मागितल्या. भूपेशने रचलेल्या दिवसांवर कसलीच खूण केलेली नव्हती. महिन्याने तो छापील कागदांचा गठ्ठा घेऊन वारलूसमोर बसला.

"भाऊ, यातले तुमचे दिवस कोणते?"

वारलूने बराच वेळ पाने उलटली.

"माहं अक्षर वाकडं होतं, साहेब. हे तं सगळे सारखेच दिसून राह्यले."