हवेच्या टाकीची हाक

मित्रांनो, टाकी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गच्चीवरची पाण्याची टाकी येते. मी ती नव्हे. ती बिचारी पोटात पाणी घेऊन हवेत उभी असते. मी पोटात हवा घेऊन पाण्यात जात असे. पाण्याखाली काम करणारा माणूस पाठीवर उभट टाकी बांधतो ना, ती मी. आता मी म्हातारी झाले आहे. मला तळसुद्धा उरलेला नाही. तरीही मी कामावर आहे, आणि ते कसे घडले तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या यंत्राने अ‍ॅल्युमिनियमचा एक जाड गोळा दाबून, ओढून त्याला उंच पेल्याचा आकार दिला. मग वरचे तोंड आवळून माझी मान घडवली. माझ्या अंगाला एकही सांधा नाही, याचा मला आजही अभिमान आहे. शेवटी त्या लोकांनी मला नेमके हवे तेवढे तापवले आणि गार केले. माझी सारी ताकद मोजूनमापून दिलेल्या त्या आचेतून आली. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हीच माझ्या मुळावर आली.

मला विकत घेतले पाणबुडे काकांनी. त्यांचे खरे नाव बंदरात कोणी घेतच नसे. बोटीच्या पंख्यात अडकलेला दोर कापायचा, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, कोणाचे काही पाण्यात पडले तर शोधून आणायचे, हे त्यांचे काम. एकदा एका बोटमालकाची दातांची कवळी शिंकेसरशी पाण्यात गेली. काकांनी चिखल चाचपून ती वर आणली. मालकाने ती तिथेच धुऊन तोंडात बसवली आणि मग आभार मानले. आधी मानले असते तर कोणाला एक अक्षर कळले नसते.

पाण्याखाली तोंडात श्वासाची नळी असते, त्यामुळे बोलता येत नाही. जोडीदाराला हाक मारायची झाली की काका हात मागे नेऊन चाकूची मूठ माझ्या अंगावर आपटत. टण्, टण्. दोनदा वाजले की वर चला. त्यांनी माझ्यावर हात उगारला तो एवढ्यासाठीच. एरवी मला त्यांनी फुलासारखे जपले. काम झाले की गोड्या पाण्याने आंघोळ, मग सावलीत विश्रांती.

काकांचा आणखी एक नेम होता. मला ते कधीही पूर्ण रिकामी करत नसत. आत थोडी हवा राहिली की बाहेरचा ओलावा आत शिरत नाही. "धान्याच्या डब्यात मूठभर तरी शिल्लक ठेवावं, तसंच हे," असे ते म्हणत. ठेवून देण्यापूर्वी ते माझ्या मानेवरची हवेची चावी किंचित फिरवत आणि कान जवळ आणत. फुस्स असा आवाज आला की "आहे, आहे," म्हणून चावी बंद करत.

पुढे त्यांच्या एका कानाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पोहायला हरकत नाही, पण खोल पाण्यात उतरणे आता कायमचे बंद. त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी मला कोरडी असतानाही गोड्या पाण्याने आंघोळ घातली. मी जिन्याखालच्या खोलीत गेले. काकूंनी माझ्यावर कांद्याची पिशवी टेकवली आणि वारा सुटला की त्या मला दाराशी टेकण म्हणून ठेवत. समुद्राच्या तळाशी जाऊन आलेल्या टाकीवर दार सांभाळण्याची वेळ आली! काका मात्र अधूनमधून येत, चावी फिरवत आणि "आहे, आहे," म्हणून जात.

एके दिवशी ते काकूंना म्हणाले, "वस्तू पडून राहिली की मरते गं. कोणी पाण्यात नेणारं मिळालं तर देऊन टाकू. माझं जाणं संपलं, पण हिचं कशाला संपवायचं?"

लवकरच गिऱ्हाईक मिळाले. एका मुलीला बंदरातल्या दुरुस्तीच्या बोटीवर पाणबुड्याची नोकरी लागली होती आणि सामान स्वतःचे आणायचे होते. ती दुसऱ्या दिवशी येणार असे ठरले. काका श्वासाची नळी तपासून घ्यायला कारागिराकडे गेले, आणि तेवढ्यात काकूंचे धाकटे भाऊ घरी आले. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांचा धंदा जुन्या मोटरसायकली विकण्याचा. माझे ओरखडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"ताई, अशी कोण घेईल? गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी विकत घेतं. भाऊजींना सांगू नकोस, जरा गंमत करू."

मामांनी मला स्कूटरवर घालून मोटारी रंगवणाऱ्याकडे नेले. तिथे माझी चावी पूर्ण उघडली गेली आणि जन्मात पहिल्यांदाच मी कोरडी ठणठणीत रिकामी झाले. चावी काढून ठेवली, अंगावर लाल रंगाचा फवारा बसला आणि रंग पक्का व्हावा म्हणून मला भट्टीत उभे केले. मित्रांनो, कारखान्याची ती आच आणि ही आच यांत जमीनअस्मानाचा फरक. माझी ताकद अंगातून निघून चालल्याचे मला कळत होते. टाकीला तोंड असते, पण त्याने ओरडता येत नाही. बाहेर काढून चावी पुन्हा बसवली तेव्हा माझ्या अंगात मामांना आपला चेहरा दिसत होता. त्यांनी तिथेच भांग पाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा मुलगी आलेली होती. सोबत तिची आई होती. आई शिवणकाम करायची, आणि लेकीने पाण्यात जाऊ नये असे तिला मनापासून वाटत होते. मामा मला पुसायला घेऊन गेलेत, एवढेच काकूंनी काकांना सांगितले होते. मला पाहून काकांचे डोळे भरून आले.

"अरे, ही तर दुकानातून आल्यासारखी दिसते!"

मुलगीही खूश झाली. तिने टाकी पाठीवर बांधायचे जाकीट घालून पाहिले, पोहताना पायात घालायचे पंख पाहिले, मला उचलून पाहिले. "आई, आपण सगळंच घेऊ. टाकी तर काय सुरेख आहे."

"जमिनीवर काय कामं कमी आहेत का?" आई पुटपुटली, पण पिशवीकडे हात गेलाच तिचा.

"थांबा, आवाज ऐकवतो हिचा," काका कौतुकाने म्हणाले. त्यांनी चावी फिरवली आणि चांगला कान जवळ आणला. काहीच नाही. आणखी फिरवली. तरी काही नाही. "हिच्यातली हवा कुठे गेली?"

"रंगवाल्याने सोडली," मामा ऐटीत म्हणाले. "भरलेली टाकी कोणी भट्टीत घालतं का? एवढं कळतं आम्हाला, भाऊजी."

काका माझ्याशेजारी खाली बसले. "भट्टीत घातली हिला?" त्यांनी विचारले.

"काय झालं?" मुलीने विचारले.

मामांना काहीतरी चुकल्याचे जाणवले. "काही नाही हो, नुसता रंग बदललाय," ते घाईने म्हणाले आणि काकांच्या कानाशी वाकले. नेमके दगा दिलेल्या कानाशी वाकले, त्यामुळे ते कुजबुजले ते सगळ्यांना ऐकू गेले, फक्त काकांना नाही. "भाऊजी, घेतायत तर घेऊ द्या."

काकांनी माझी चावी बंद केली. "पोरी, ही टाकी मी तुला देणार नाही. कोणालाच देणार नाही. भट्टीत जाऊन आलेली टाकी दिसते छान, पण आतून मऊ पडते. तिच्यात पुन्हा हवा भरायची नसते."

"मी थोडीच भरेन," मुलगी अजिजीने म्हणाली. तिला सोमवारी कामावर हजर व्हायचे होते.

"अशी टाकी पाण्यात नाही फुटत, हवा भरताना दाबाने फुटते. तू शेजारी उभी असशील, भरणारा असेल, त्याच्याही घरी कोणी वाट बघत असेल. बाकीचं सामान ने. टाकी बंदरातून भाड्याने घे."

मामांचे तोंड एवढेसे झाले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. माझे म्हणाल, तर मला फार वाईट वाटले. पण काकांनी तसे केले नसते तर मला माझीच लाज वाटली असती.

मुलीची आई पुढे आली आणि माझ्या लाल अंगावरून तिने बोट फिरवले.

"मी इतकी वर्षं कापड घेते," ती म्हणाली. "विकणाऱ्याने स्वतःहून विटका भाग दाखवलाय, असं एकदाही झालं नाही. काका, पाण्यात जायची परीक्षा हिने दिलीय, पण बंदरातलं गढूळ पाणी हिने पाहिलेलं नाही. तुम्ही काठावर उभे राहून हिला शिकवाल का? तुम्ही असाल तर मी हिला सोडते."

काकांनी पायातले पंख उचलून मुलीच्या हातात दिले. मग म्हणाले, "काठावर उभं राहायला कानाची अडचण नाही."

माझी व्यवस्था मामांनी लावली. "माझ्यामुळे गेली, आता मीच हिला कामाला लावतो," असे म्हणून त्यांनी लोहाराकडून माझा तळ कापून घेतला, चावी काढली, मानेला पट्टी बांधली आणि बंदराच्या पायरीशी लोखंडी दांड्याला मला घंटेसारखे टांगले. माझी खालची कड पाण्यात बुडेल अशी जागा काकांनी दाखवली. पाण्यात बुडालेल्या घंटेचा आवाज खालपर्यंत जातो. रंग मात्र तोच आहे. एवढा चांगला रंग खरवडायचा कशाला, असे मामांचे म्हणणे पडले.

पहिल्या दिवशी मुलगी पाण्यात दिसेनाशी झाली, तेव्हा तिची आई पायरीवर पदर मुठीत धरून बसली होती. परत बोलावण्याची वेळ झाली. काकांनी लाकडी हातोडी उचलली, तिच्याकडे पाहिले आणि हातोडी तिच्या हाती दिली. टण्, टण्. थोड्या वेळाने बुडबुडे आले आणि पाठोपाठ मुलीचे डोके वर आले.

"आई, इतक्या जोरात कोणी मारतं का? मासेसुद्धा वर आले असते."

आई हसली आणि मग रडली. आता काकांकडे आणखी तिघे शिकायला येतात, आणि हातोडी कोणी धरायची यावरून पायरीवर भांडणे होतात.

मित्रांनो, जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. पण घेताना तिच्या रंगाआधी तिच्या दुखण्याची चौकशी करा, आणि विकताना ते दुखणे लपवू नका. जिच्यावर कोणाचा तरी श्वास अवलंबून आहे, तिला सजवण्यापेक्षा समजून घ्या. आणि एखादी वस्तू एका कामाला नालायक ठरली म्हणून तिला लगेच भंगारात टाकू नका.

संध्याकाळी सगळे घरी गेले की काका थोडे मागे रेंगाळतात. माझी मान आता उघडीच असते. जुन्या सवयीने ते चांगला कान तिच्याजवळ आणतात. पायरीशी लाट येते, माझ्या पोटात चढते आणि आतली हवा मानेतून बाहेर ढकलते. फुस्स.

"आहे, आहे," काका म्हणतात, आणि घराकडे वळतात.