तळहातावर धरलेलं इष्टलिंग

दुकानाच्या पायऱ्या चढल्या तरी सोमलिंगअप्पांना धाप लागायची. ती लपवायला ते मध्येच थांबून कुणाशीही बोलत. प्रणिता कॅनडाला जाईपर्यंत एवढं निभवायचं होतं. पोरगी हृदयाची डॉक्टर. छातीवरून हृदय बघायची सोनोग्राफी, म्हणजे इको, त्याचं पुढचं शिक्षण घ्यायला तिची तिकडं फेलोशिपसाठी निवड झाली होती. तिची आई गंगासागर धाप लागूनच गेली. तेव्हा गेवराईत इको करणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून पोरीनं हेच धरलं होतं.

त्या दुपारी तिनं डबा घेऊन दवाखान्यात बोलावलं. अप्पा आले, तर तिनं दार लावून घेतलं.

"अप्पा, सदरा काढा."

"कावून? मला काय झालंय?"

"कपिलधारच्या यात्रेत चढताना मधीच बसलात. खडा रुतला म्हणालात. खडा कुठाय?"

अप्पांचा हात गळ्यातल्या चांदीच्या डबीवर गेला. "आपल्यात इष्टलिंग अंगावेगळं करता येत न्हाई बाई. मशीन कुठं लावशील?"

"मी कुणाच्या घरात वाढले? पूजेला घेता तसं डाव्या तळहातावर धरा. तसाबी इकोला डावा हात उशालाच घ्यायचा असतो."

अप्पांची सबब संपली. ते डाव्या कुशीवर झोपले. छातीवर गार जेल लागलं. पडद्यावरचं त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते पोरीचं तोंड बघत राहिले. ती मशीनचा दांडा छातीवर फिरवत होती, मग एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबून बघू लागली.

"श्वास सोडा. धरा."

मशीनमधून ठोक्याठोक्याला घरघर आली.

"हे माझंच हाय का?"

"तुमचंच. गप ऱ्हावा."

बऱ्याच वेळानं तिनं मशीन बंद केलं. "झडप लई अरुंद झालीय. ऑपरेशन लागंल." मग पाठ फिरवून म्हणाली, "मी येत न्हाई म्हणून कळवते तिकडं."

ह्याच वाक्याला अप्पा इतके दिवस भीत होते. ते उठून बसले. "आधी ऑपरेशनची तारीख घे. लवकरातली. तिकडं काय कळवायचं ते मग बघू."

"सुई बघून पळणारा माणूस तुमी."

"पळत व्हतो. आता पळलं की दम लागतो."

प्रणिता हसली नाही. तिनं संभाजीनगरच्या सर्जनला फोन लावला. रिंग वाजत राहिली. अप्पांनी तळहात अजून उघडला नव्हता. श्वास धरा असं आता कुणी म्हणालं नव्हतं, तरी त्यांनी तो धरला होता.