अल्काचा पहिला रोवणा

अल्काची फिट जमिनीवर आपटणारी नव्हती, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. ती बोलता-बोलता थांबायची, कुठेतरी बघत बसायची आणि रिकाम्या तोंडाने चघळत राहायची. मुर्री गावात अशा माणसाला काय म्हणणार? पोरगी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते, असं म्हणून लोक मोकळे. तिला बघायला आलेले पाहुणे त्यावरूनच दोनदा परत गेले, चहासुद्धा न घेता.

तीन-तीन गोळ्यांनीही भागेना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरने चार दिवस डोक्याला तारा लावून तिला कॅमेऱ्यासमोर ठेवलं. मग ऑपरेशन करून उजव्या कानशिलाच्या आतला मेंदूचा खराब भाग काढला. त्याला चौदा महिने झाले. गोळ्या चालू होत्या, पण फिट एकही नाही. सोबत माणसं असतील तर रोवण्याला, धानाच्या लावणीला, जा, असं डॉक्टर म्हणाला.

डॉक्टरचं काय जातं? रोवण्याच्या पहिल्याच दिवशी तिची माय भागीरथा शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून लेकीवर डोळा ठेवून होती. फिट परत आली तर सगळं पाण्यात जाईल, या धास्तीने तिला घास गोड लागत नव्हता. फिट सुरू झाल्यापासून पंधरा वर्षांत ती पोरीवर कधी ओरडली नव्हती. न जाणो, धसक्याने फिट यायची.

दुपारी भर बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, अल्का थांबली. पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंढी हातात तशीच, नजर लांब कुठेतरी, आणि तोंड चाललेलं.

लुगडं न खोचताच भागीरथा चिखलात उतरली, दोनदा पडली, नुकता लावलेला धान तुडवत गेली आणि तिने लेकीला घट्ट धरलं.

"अल्का, मी कोण आहो? सांग."

"माय होस, अन् कोण? कायले धावून राहिली? रोवणा तुडवला ना सारा."

"तोंडात काय हाय?"

अल्काने तोंड मिटलं. शेजारी रोवणाऱ्या अनुसयाबाईंनी मान खाली घातली. "मीच देला चिमूटभर. कंबर दुखून राहिली म्हणे."

भागीरथाने लेकीचं तोंड उघडून पाहिलं. खर्राच होता. तिला इतका आनंद झाला, की ती त्या चिखलात उभी राहून रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "थुक आधी." तिचा आवाज चढत गेला. लाज, अक्कल, ऑपरेशन, तंबाखू, शेजारच्या बाया, कोणालाच तिने सोडलं नाही. अल्का निमूट ऐकत होती. फिट आली नाही. भागीरथाने दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.