मूळगाव वेळसोंडे

आमच्या ब्लॉगवर प्रत्येक लेखाखाली लेखकाचं मूळगाव लिहायचं, हा नियम माझा. नऊ वर्षांपूर्वी दुबईत, अल बर्शातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर ब्लॉग सुरू झाला तेव्हापासूनचा. टोपणनाव चालेल, फोटो नसला तरी चालेल, पण गाव हवंच. इथला मराठी माणूस लेख वाचायच्या आधी खाली सरकून गाव बघतो. मग कमेंट येते, ‘कुठले तुम्ही? कोणाच्या घरातले?’ आणि लेख राहतो बाजूला, गप्पा रंगतात. या नियमाचा मला फार तोरा होता. गाव कशाला म्हणून कुणी कुरकुर केली की मी त्याला चांगलं सुनावत असे.

त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी मैमुनाबींचा लेख टाकला.

मैमुनाबींना मी तोवर पाहिलंही नव्हतं. ब्लॉगवर माझा नंबर असतो, त्यावर एक दिवस त्यांचा व्हॉइस मेसेज आला. “ताई, मला लिहायला जमत नाही, बोलता येतं. चालेल का?” पुढचं बोलणं असं होतं की माझी तव्यावरची पोळी करपली. शारजातल्या एका केटरिंगच्या किचनमध्ये त्या अकरा वर्षं स्वयंपाक करत होत्या. मालकाला नुसतं शेठ म्हणायच्या. मी नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या बोलत गेल्या, मी टाइप करत गेले.

लेख होता एका बिस्किटांच्या डब्याबद्दल. शेठच्या कपाटात निळा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात किचनमधल्या सगळ्या बायकांचे पासपोर्ट आहेत. ‘तुम्ही हरवाल, मी सांभाळतो,’ असं शेठ म्हणतात. असे पासपोर्ट ठेवून घेणं इथे कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, ठेवणाऱ्यालाही. चार वर्षांपूर्वी मैमुनाबींची आई गेल्याचा गावाहून फोन आला तेव्हा शेठ एका ऑर्डरसाठी अबुधाबीत होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती. ते परतले दुसऱ्या दिवशी दुपारी. ‘मी पोचले तेव्हा कबरीवरची माती सुकली होती,’ हे लेखातलं शेवटचं वाक्य. त्यात मी एका अक्षराचाही बदल केला नाही.

“नाव नको हां ताई,” त्यांनी तीनतीनदा बजावलं होतं. “सोमवारी माझी फ्लाइट आहे. मुलीचे दिवस भरलेत, डॉक्टरनी सिझर सांगितलंय, तिच्याजवळ दुसरं कोणी नाही. शेठ शनिवारी दुपारी पासपोर्ट देतो म्हणालेत. तोपर्यंत त्यांच्या डोक्यात काही जायला नको.”

“नाव कसलं घालते मी! तुम्ही निर्धास्त राहा,” मी म्हटलं.

आणि नऊ वर्षांच्या सवयीने खाली टाइप केलं, ‘एक वाचक. मूळगाव वेळसोंडे, जि. रत्नागिरी.’

साडेदहाला शौकतभाईंचा फोन आला. शौकतभाई शारजात स्टेशनरीचा धंदा करतात, मूळचे रत्नागिरीचे, आमच्या ब्लॉगचं शुद्धलेखन तेच तपासतात. एरवी सलाम-दुआ, तब्येत, मुलं असं सगळं झाल्यावर मुद्द्यावर येणारा माणूस.

“वहिनी, वेळसोंडे कुणी टाकलं?”

“मी. का?”

“अहो, चाळीस उंबऱ्यांचं गाव आहे ते. तिथल्या अख्ख्या यूएईत दोन बायका. त्यातली एक सहा वर्षांपूर्वी परत गेली.”

शेजारी आमची उर्वी कॉर्नफ्लेक्स खात होती. तिने माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितला आणि म्हणाली, “मॉम, धिस इज नॉट अनॉनिमस. यू बेसिकली गेव्ह हर अ‍ॅड्रेस.” पंधरा वर्षांची पोर, जिला आपलं गाव कुठलं ते धड सांगता येत नाही, तिला एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नव्हतं. मला तिचा राग आला, त्याहून माझा आला.

मी लेख उतरवला. पण दीड तासात तो पाच ग्रुपवर फिरला होता, स्क्रीनशॉटसकट. त्यातला एक खुद्द मलाच परत आला, खाली हात जोडलेले आणि ‘डोळ्यात पाणी आलं’. मैमुनाबींना फोन लावला. वाजत राहिला. किचनमध्ये काम चालू असताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं मला आठवलं.

अकराला फोन वाजला. स्क्रीनवर ‘बापू केटरर्स’.

बापू म्हणजे आमच्या ब्लॉगचं घरचं माणूस. कोल्हापूरकडचे, माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. दर वर्षी आमचं लेखकांचं संमेलन होतं त्याचं जेवण त्यांच्याकडून, प्रेमाने, आग्रह करकरून. मागच्या वर्षी मी त्यांचा शाल देऊन सत्कार केला होता. त्यांचं किचन शारजात आहे हे मला माहीत होतं, आणि तरीही दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या. शेठ म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी सोन्याच्या अंगठ्या घातलेला परका माणूस येत होता.

“वहिनी, छान लेख टाकलात,” बापू म्हणाले. आवाज अगदी शांत होता. “वेळसोंड्याची कोण हो ही?”

“मीच लिहिलाय तो, बापू. काल्पनिक आहे.”

“तुम्ही?”

“हो. गाव असंच घातलं, कोकणातलं काहीतरी.”

“वहिनी, नऊ वर्षं तुमचं लिखाण वाचतोय. प्रत्येक लेखाखाली मूळगाव कोरेगाव, जिल्हा सातारा. स्वतःचं गाव सोडून दुसरं गाव घालाल तुम्ही? माझ्याकडे वेळसोंड्याची एकच बाई आहे. मी तिला आत्ता ऑफिसात बोलावतो.”

“बापू, मी येतेय. मी येईपर्यंत काही बोलू नका.”

“या की,” ते म्हणाले. “चहा घ्यायला या.”

शनिवार असूनही शारजाचा रस्ता तुंबलेला होता. चाळीस मिनिटं मी एका सिमेंटच्या ट्रकच्या मागे बसून होते. डोक्यात एकच हिशोब, सोमवारची फ्लाइट आणि तो डबा. बापूंनी नुसतं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं तरी झालं, पोर तिकडे एकटी ऑपरेशनच्या टेबलावर जाणार. तक्रार करायची म्हटलं तर कचेऱ्या सोमवारी उघडणार, आणि ऑनलाइन बदनामीची केस माझ्यावरही होऊ शकते, हे बापूंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण खरं सांगायचं तर मला केसची भीती नव्हती वाटत. मला त्या बाईच्या समोर उभं राहायची भीती वाटत होती.

बापूंचं ऑफिस किचनच्या डोक्यावर होतं. जिन्यात फोडणीचा वास भरला होता, खाली संध्याकाळच्या लग्नाचा स्वयंपाक चालला होता. टेबलावर निळा डबा. पलीकडे बापू. अलीकडे एक ठेंगणी, सावळी बाई उभी, डोक्यावर किचनची टोपी, हाताला पीठ. आम्ही पहिल्यांदा एकमेकींना बघत होतो आणि तिने मला आवाजावरूनच ओळखलं असणार, कारण मी “बापू” म्हटल्याबरोबर तिने मान वळवली.

“बसा वहिनी,” बापू म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं होतं ते चिडलेले असतील. ते दुखावलेले होते, आणि ते जास्त कठीण होतं. “अकरा वर्षं आहे ही माझ्याकडे. हिच्या मुलीच्या लग्नाला तिकीट काढून दिलं मी. ईदला सगळ्यांना कपडे. मागे एकीने पासपोर्ट हरवला होता, तर कॉन्सुलेटच्या खेपा कुणी घातल्या? मी. आणि माझ्याच ब्लॉगवर मला चोर ठरवलंत?”

“चोर शब्द नाहीये त्यात,” मी म्हटलं. “तुमचं नावही नाही.”

“गाव आहे ना! सकाळपासून चौघांनी विचारलं, बापू, ती वेळसोंड्याची तुमच्याकडचीच ना?” त्यांनी माझ्यासमोर कागद सरकवला. “हे ब्लॉगवर टाका. ‘सकाळचा लेख पूर्णपणे काल्पनिक होता. कोणत्याही व्यक्तीशी वा व्यवसायाशी संबंध नाही. संपादकांच्या नजरचुकीने गावाचं नाव पडलं.’ तुम्हीच फोनवर म्हणालात ना काल्पनिक? टाका, आणि हा पासपोर्ट आत्ता हिच्या हातात देतो. सोमवारी जाऊ दे, महिनाभर राहू दे, परत येऊ दे. मी विसरून जाईन. खलास.”

मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच फोन काढला. चार ओळी! चार ओळींत माझी चूक पुसली जाणार होती, बाई मुलीपाशी पोचणार होती, नोकरी टिकणार होती, बापूंशी संबंधही. मी टाइप करायला सुरुवात केली. ‘सकाळचा लेख पूर्णपणे’

“ताई, नको,” मैमुनाबी म्हणाल्या.

“अहो, नुसतं लिहायचंय. सगळ्यांना कळतं असल्या खुलाशांचा अर्थ काय असतो ते.”

“मग तर मुळीच नको.” त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, मग माझ्याकडे न बघता बापूंकडे बघितलं. “शेठ, तुम्ही माझ्यासाठी लय केलंत, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी इथे, या दारात, रात्र काढली. तुम्हाला फोन केले. तुम्ही म्हणालात, बीबी, उद्या येतो, इन्शाल्ला. मी कपाट फोडलं नाही, पोलिसात गेले नाही. एवढंच केलं की बोलले. आता त्याला पण खोटं म्हणू? माझी आई काल्पनिक नव्हती.”

खाली कुणीतरी मोठं पातेलं ओढत नेलं, त्याचा आवाज वर आला. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. बापू टेबलाकडे बघत होते. त्या दिवशी अबुधाबीत कुणाच्या तरी लग्नात ते जेवण वाढत होते, किल्ली खिशात होती, आणि दोन तासांचा रस्ता त्यांना उद्यावर ढकलता आला होता. हे त्यांना त्या क्षणी आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मला आठवलं असतं.

“मुलीचा विचार करा, मैमुनाबी,” मी हळूच म्हटलं. मला अजूनही वाटत होतं, लिहून टाकावं.

“तिचाच करतेय. तिला काय सांगू, तुझी नानी खोटी होती?”

बापूंनी डबा उघडला. आत रबरबँड लावलेला गठ्ठा होता. त्यांनी एकेक पासपोर्ट उघडून फोटो बघितला, चौथा की पाचवा तिचा निघाला. तो त्यांनी टेबलाच्या या कडेपर्यंत सरकवला आणि हात मागे घेतला.

“घेऊन जा. परत यायचं नाही. व्हिसा मी सोमवारी कॅन्सल करतो.”

मैमुनाबींनी पासपोर्ट उचलला. पिठाचे ठसे त्यावर उमटले. त्यांनी आपला फोटो बघितला, तारीख बघितली, मग टोपी काढून नीट घडी केली आणि डब्याशेजारी ठेवली.

“बाकीच्या दहाजणींचे पण देऊन टाका, शेठ,” त्या जाता जाता म्हणाल्या. बापूंनी डब्याचं झाकण लावलं.

गाडीत बसल्यावर मी एसी लावला. लॉकरमधून आणलेली त्यांची पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. अकरा वर्षांची नोकरी एका पिशवीत.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “तुम्ही सांगितलं होतं नाव नको, आणि मी गाव घातलं. मला समजायला हवं होतं.”

“चूक तर झालीच ताई,” त्या म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. माझा तोरा गाडीत कुठेतरी सीटखाली गेला होता. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, “लेख परत टाका.”

“गाव काढून टाकते. आता कुणाचंच घालणार नाही मी.”

“गाव राहू दे. आता लपवून काय उरलंय? नाव पण घाला.”

मी गाडी कडेला, एका बेकरीसमोर घेतली. लेख परत चढवला. ‘एक वाचक’ खोडलं आणि लिहिलं, ‘मैमुनाबी, मूळगाव वेळसोंडे, जि. रत्नागिरी.’ त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

सकाळच्या कमेंट लेखाबरोबर परत आल्या. सगळ्यात वरती अबुधाबीच्या कुणा कशफची होती. ‘वेळसोंडे म्हणजे माझं आजोळ! कुठल्या घरातल्या तुम्ही? कोणाच्या?’

मैमुनाबींनी फोन माझ्या हातून घेतला. लिहायला जमत नाही म्हणणारी बाई, एकेक अक्षर शोधत, पाच मिनिटं लिहीत होती. त्यांनी फोन परत दिला तेव्हा मी वाचलं.

‘हाजराबीची मुलगी.’