शेपटीचा दिवा

येसाजी मुंबईच्या एका कारखान्यात कामाला होता, एवढं खरं. तिथे तो फाटकावर उभा राहून सुटलेल्या कामगारांचे डबे तपासायचा, हेही खरं. पण दहिवलीला सासुरवाडीत आला की हे दुसरं तो सांगत नसे. "आमच्या फॅक्टरीत करंट नळाच्या पाण्यासारखा वाहतो," एवढंच सांगायचा आणि सगळं घर माना डोलवायचं.

चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात तो गटारीच्या कोंबडीवर डोळा ठेवून आठ दिवस आधीच येऊन बसला. बसल्या बसल्या त्याने एक दिवा केला. सासूचा, म्हणजे भागूबाईचा, पितळी तांब्या घेतला, बुडाजवळ खिळा ठोकून भोक पाडलं, त्यातून वायर ओढली, तोंडावर होल्डर आवळला, वायरीत मध्येच खटका बसवला आणि बल्ब लावला. भोकाच्या कडा करवतीसारख्या राहिल्या. त्या कानशीने घासायला पाच मिनिटं लागली असती, पण कारखान्यातला माणूस असल्या किरकोळ कामात वेळ घालवत नाही. वायर तीन पदरांची होती. त्यातला हिरवा पदर त्याने कात्रीने उडवला आणि उरलेल्या दोघांना दोन पायांची पिन लावली.

भागूबाईची नात चिंधी तेव्हा सातवीत होती. माझ्याकडे संध्याकाळी जी सात-आठ मुलं सेल, बल्ब आणि तारा घेऊन बसायची, त्यांतली ती एक. तिने विचारलं, "आतोबा, हिरवी वायर का कापली?"

"दोन वायरींवर बल्ब पेटला का नाय?"

"पेटला."

"मग तिसरी काय टाळ वाजवायला ठेवू?"

घर हसलं. चिंधी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि मग म्हणाली, "गुरुजी, परवा दिव्याची आवस. आजी घरातले सगळे दिवे चिंचेनं घासती, धुती, पाटावर मांडती आणि ओल्या बोटानं कुंकू लावती. हा पण दिवाच की."

मी छत्री उचलली आणि तिच्याबरोबर निघालो.

येसाजी ओटीवर दात कोरत बसला होता. मी त्याला शांतपणे सांगितलं, की भोकाच्या धारेने वायरचं रबर कापलं तर करंट पितळेत उतरेल. हिरवी वायर त्याच्यासाठीच असते. ती पितळेला जोडली की उतरलेला करंट जमिनीत जातो, माणसाच्या अंगातून जात नाही. सातवीच्या मुलांना हे एकदा सांगून कळतं. येसाजीने उठून पेटत्या दिव्यावर पंजाच ठेवला.

"हे बघा गुरुजी. काय झालं? तुमी पुस्तकात वाचलं, आमी हातानं काम केलं."

त्याच्या पायात रबरी सपाता होत्या. मुंबईचा माणूस सारवलेल्या जमिनीवर अनवाणी फिरत नाही, म्हणून त्या घरातही उतरत नसत. मी भागूबाईकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला. "जावई हायेत, गुरुजी. काय बोलू?" जावयाला बोलायचं नाही, आणि दिव्याला आवसेचं कुंकू चुकवायचं नाही. या दोन नेमांच्या मध्ये ती बाई सापडली होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

जाताना मी माझा टेस्टर चिंधीच्या हातात दिला. "खटक्यावर विश्वास ठेवू नकोस. पितळेला आधी हा लाव. मुठीत लाल ठिणगी दिसली तर करंट आहे."

आवसेच्या दिवशी दिवेलागणीला मी पुन्हा गेलो. जमीन शेणाने सारवलेली होती आणि पावसाळी हवेने अजून ओली होती. पाटावर दोन समया, एक कंदील, एक चिमणी आणि मधोमध सोन्यासारखा घासलेला तो तांब्या. त्याची वायर भिंतीवरच्या बोर्डापर्यंत गेली होती. भागूबाईने धुताना पिन काढली होती, एवढं तिचं नशीब. धुवून झाल्यावर येसाजीने ती परत खोचली होती.

भागूबाई पाटासमोर अनवाणी उकिडवी बसली. कुंकवात पाणी कालवून तिने बोट बुडवलं.

"आजी, थांब!" चिंधी मध्ये आली.

"अगं, खटका बंद केलाय मी," येसाजी मागून म्हणाला. "बंद दिवा म्हंजे नुसता तांब्या. आता पोरीबाळी शिकवणार आमाला!"

चिंधीने टेस्टरचं टोक पितळेला टेकवलं. मुठीवरची लाल ठिणगी लागली आणि लागलेलीच राहिली. बल्ब बंदच होता.

भागूबाईचं बोट हवेतच राहिलं.

"टेस्टर खोटा हाय," येसाजी म्हणाला. "दुकानदार काय पण विकत्यात."

"असेल," मी म्हणालो. "मग पहिलं कुंकू तुमच्या हातचं होऊ द्या, येसाजीराव."

त्याने खुशाल बोट बुडवलं आणि पुढे आला. तेवढ्यात भागूबाई दचकून म्हणाली, "आँ, जावईबापू! पायताण घालून? आवसेच्या दिव्याला?"

आता घर जावयाच्या पायांकडे बघायला लागलं. येसाजीनेही पाहिलं. मग ओल्या जमिनीकडे, मग त्या लाल ठिणगीकडे.

"काढा की आतोबा सपाता," चिंधी म्हणाली.

"पायाला... पायाला चिखल्या झाल्यात माझ्या," येसाजी म्हणाला. "सारवण लागंल."

"खोटा हाय ना टेस्टर?"

कारखान्यातला करंट कुठे वाहून गेला कोण जाणे. येसाजी ओटीवर गेला आणि पाऊस किती पडतोय ते बघत उभा राहिला. भागूबाईने बोट पदराला पुसलं. "चिंधे, काढ गं ती शेपटी," ती म्हणाली. चिंधीने हात कोरडे केले, बोर्डाचं बटण बंद केलं आणि पिन उपटली. ठिणगी विझली. मग कुंकू लागलं.

दुसऱ्या दिवशी चिंधीने तांब्या उघडला. भोकाशी एका वायरचं रबर कापून तार उघडी पडली होती. आधीचे तीन दिवस कुणाला काही झालं नाही, कारण दोन पायांची पिन उलटी किंवा सुलटी कशीही बसते. आधी ती कापलेली वायर करंट परत नेणारी होती. धुतल्यावर येसाजीने पिन फिरवून खोचली आणि तीच करंट आणणारी झाली. खटका दुसऱ्या वायरीत, म्हणून तो बंद केल्यावर बल्ब विझला, पण पितळ जिवंत राहिलं. चिंधीने हे मला समजावून सांगितलं, मी नुसता हुं हुं करत होतो. तिने कडा घासल्या, भोकात सायकलच्या ट्यूबची चकती बसवली, नवी वायर घालून आत गाठ मारली, हिरवा पदर स्क्रूने पितळेला आवळला, खटका करंट आणणाऱ्या वायरीत घेतला आणि तीन पायांची पिन लावली.

येसाजी जाताना स्टेशनवर सांगत होता, की पोरीला त्यानेच तयार केलं.

तेव्हापासून त्या घरात दिव्याच्या आवसेला पाटावर एक ताटली जास्तीची असते. तिच्यात पिन ठेवतात, आणि पहिलं कुंकू पिनेला लागतं, म्हणजे ती बाहेर आहे हे सगळ्यांना दिसतं. तांब्याला पाणी लागत नाही, कोरडं फडकंच लागतं. येसाजीही दर गटारीला न चुकता येतो. सपाता अंगणातच काढतो आणि पाटापासून चार हात लांब बसतो.

"आतोबा, लावता का कुंकू?" चिंधी विचारते.

"आधी पिन दाखव," तो म्हणतो.

इतकी वर्षं फाटकावर डबे तपासून त्याला एवढं तरी कळायला हवं होतं, की आधी बघावं आणि मग सोडावं. ते त्याला सातवीतल्या मुलीकडून शिकावं लागलं.